सायबाची शाळा, पण पट्टी कोणाची?

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतहून, पुण्याहून गावी आलेल्या मंडळींनी जुन्या मराठी शाळेसमोर उभं राहून फोटो काढले. आठवडाभरात त्यातल्याच एका फोटोखाली मजकूर फिरू लागला. तो असा:

‘आपल्या गावची शान! १८५७ साली जळगावच्या इंग्रज कलेक्टरने बांधलेली शाळा. त्याआधी या भागात शिक्षणच नव्हते. पहिल्या दिवसापासून सर्व जातींची मुले एका सतरंजीवर बसत. चुन्यात अंडी घालून केलेले बांधकाम, आजही वीट हलत नाही. आपल्या सरकारची खोली मात्र दहा वर्षांत गळते. साने गुरुजी इथे मास्तर होते, ‘श्यामची आई’ त्यांनी याच खोलीत लिहिले. बांधकामाचे आयुष्य संपल्याचे पत्र नुकतेच लंडनच्या कंपनीकडून ग्रामपंचायतीला आले आहे. १९६० पासून वास्तू ओस पडली आहे. खरे गावकरी असाल तर पुढे पाठवा.’

मला हा मजकूर सात ग्रुपांवर आला. त्यातल्या एकावर गावाचं नाव चोपड्याकडचं होतं, फोटो मात्र आमच्याच शाळेचा, पायरीवर माझ्या चुलतभावाचा नातू बसलेला. मी त्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो आणि पुढे जन्मभर जिल्हा परिषदेत मास्तरकी केली. त्यामुळे लाल शाईचा पेन हातात घेण्याची खोड आहे. एकेक वाक्य घेतो.

‘१८५७ साली जळगावच्या इंग्रज कलेक्टरने’

१८५७ साली जळगावला कलेक्टर नव्हता, कारण जळगाव जिल्हाच नव्हता. १८१८ला पेशवाई बुडाल्यावर सगळा खान्देश एकच जिल्हा झाला आणि त्याचं ठाणं धुळ्याला. कॅप्टन ब्रिग्जने तिथे नवी पेठ वसवली. पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश अशी वाटणी १९०६ची. तेव्हा कुठे जळगावला कलेक्टर बसला.

बरं, १८५७ साली धुळ्याचे साहेब काय करत होते? सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांनी त्यांची झोप उडवली होती. ११ एप्रिल १८५८ला अंबापाणीची लढाई झाली, तोवर आणि त्यानंतरही पलटणी डोंगरात फिरत होत्या. अशा दिवसांत गिरणाकाठच्या एका खेड्यात कोणी सवडीने शाळा बांधत बसेल, हे पटायला जड आहे. माझ्या मते १८५७ हे साल एवढ्यासाठीच येतं की इतिहासातलं तेवढं एकच साल सगळ्यांना पाठ असतं. मुंबई विद्यापीठाची स्थापनाही त्याच सालची. म्हणजे आमच्या खेड्याची चौथीची शाळा आणि मुंबईचं विद्यापीठ जुळी भावंडं!

इमारत स्वतःच साल सांगते. मधल्या मोठ्या खोलीच्या माळवदाखाली दोन लोखंडी तुळया आहेत. शिडी लावून, कबुतरांची घाण खरवडून पाहिलं तर त्यांच्या अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरं दिसतात: डॉर्मन लाँग. ही मिडल्सब्रोची पोलाद कंपनी, सुरूच झाली १८७५ साली. कोणी म्हणेल तुळया मागाहून घातल्या असतील. मीही आधी तेच म्हटलं. पण तुळयांची टोकं ज्या घडीव दगडांवर बसली आहेत ते दगड भिंतीच्या थरांतच गुंफलेले आहेत. भिंत फोडून मागाहून बसवले असते तर सांधा दिसला असता. शिवाय १८५७ साली असली धूडं इथवर आणणार कशी? रेल्वे तेव्हा सह्याद्रीही चढली नव्हती. थळ घाट ओलांडून भुसावळपर्यंत रूळ आले ते १८६०च्या दशकात.

म्हणजे इमारत १८७५ नंतरची. शाळेच्या जनरल रजिस्टरचं हाती असलेलं सगळ्यात जुनं पान त्या शतकाच्या शेवटच्या दशकातलं आहे, मोडी वळणात. या दोहोंच्या मध्ये कधीतरी.

‘त्याआधी शिक्षणच नव्हते’

होतं, पण फार कौतुक करावं असंही नव्हतं. पंतोजी असायचा, देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सावकाराच्या ओट्यावर बसायचा. पोरं धुळपाटीवर ओनामासीधं गिरवायची, मग पाढे, पावकी, निमकी, दीडकी, औटकी. गुडघे टेकून ओरडत म्हटलेली औटकी माझ्या आजोबांना मरेपर्यंत येत होती. साडेतीनपट हिशेब ते कागदाशिवाय करत. १८२९च्या सुमाराला मुंबई इलाख्याची पाहणी झाली तेव्हा अशा सोळाशेहून जास्त गावठी शाळा मोजल्या गेल्या, सरकारी शाळा पंचवीसच्या आसपास. तेव्हा ‘शिक्षणच नव्हते’ हे खोटं. पण त्या ओवरीत मुली नव्हत्या, आणि गावकुसाबाहेरची पोरं तर नव्हतीच.

या मेसेजनंतर दोनच दिवसांनी त्याच ग्रुपवर उलट्या टोकाचा मजकूर आला. मेकॉलेने १८३५ साली ब्रिटिश संसदेत म्हणे भाषण केलं की हिंदुस्थानात मला एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही, तेव्हा यांचं शिक्षण मोडा, आणि त्यातूनच आपल्या गावची शाळा निघाली. मेकॉले त्या फेब्रुवारीत कलकत्त्यात होता, लंडनच्या संसदेत नव्हता. त्या तारखेचं त्याचं टिपण प्रसिद्ध आहे, त्यात हे वाक्य नाही. ते टिपण इंग्रजीतून शिकवण्याबद्दलचं आहे, आणि आमची शाळा पहिल्यापासून मराठी. मुंबई इलाख्यात देशी भाषांतून शिकवावं म्हणून १८४०च्या दशकात शिक्षण मंडळात अर्स्किन पेरीशी भांडले ते जगन्नाथ शंकरशेट. गावच्या मराठी शाळांचं श्रेय कुणाला द्यायचंच असेल तर आधी त्यांना द्या. गंमत अशी की दोन्ही मेसेजांना एकाच माणसाने हात जोडले होते.

‘इंग्रज कलेक्टरने बांधलेली’

खरा मुद्दा इथे आहे, आणि इथेच मला राग येतो.

१८५०च्या दशकात सरकारचा शिरस्ता असा होता की गावाला शाळा हवी असेल तर जागा गावाने द्यायची आणि मास्तरचा निम्मा पगारही गावानेच भरायचा. ते फार चाललं नाही. मग १८६३-६४पासून लोकल फंड आला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा. १८६९ साली त्याचा कायदाच झाला. या आण्यातला दोन तृतीयांश रस्त्यांना, एक तृतीयांश शाळांना. म्हणजे सोळा रुपये सारा भरणारा शेतकरी वर आणखी एक रुपया भरायचा, आणि त्यातले पाच आणे आणि चार पैशांच्या आण्यातला एक पैसा नि थोडं शाळेकडे जायचं. १८८४च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली, फंड त्यांच्याकडे गेला. म्हणून तर आमच्याकडची जुनी माणसं अजून ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात. ‘इंग्रजांची शाळा’ मी कधी एकाही म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकलं नाही.

हा आणा कोणी भरला? दादर (आमच्याकडची रब्बी ज्वारी) आणि कापूस पिकवणाऱ्यांनी. १८७६-७८च्या दुष्काळाने आणि पुढे छपन्नाच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) दुष्काळाने ज्यांची गुरं चाऱ्यावाचून मेली, त्यांनी. ज्याच्या पोराने कधी शाळेची पायरी चढली नाही त्यानेही भरला, कारण पट्टी साऱ्यावर होती, पोरांच्या संख्येवर नव्हती. जोतिराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण कमिशनपुढे नेमकं हेच मांडलं: पैसा रयतेचा, आणि तो खर्ची पडतो वरच्या वर्गांच्या मोठ्या शिक्षणावर, खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या वाट्याला उरलंसुरलं. त्या उरल्यासुरल्यातून आमची शाळा उभी राहिली. नकाशा साहेबाच्या खात्याचा असेल, मंजुरीवर सही साहेबाची असेल. दगड आमच्या नाल्याचा, चुना आमच्या शिवारातल्या चुनखडीचा, हात गवंड्या-वडारांचे.

पारावर हा मेसेज मी वाचून दाखवला तेव्हा एक आजी म्हणाली, “सायबनी बांधी म्हनतस, पन पैसा कोना व्हता?” मी दोन पानं लिहून जे सांगतोय ते तिने एका ओळीत संपवलं.

‘सर्व जातींची मुले एका सतरंजीवर’

हे वाक्य लिहिणाऱ्याने चांगल्या मनाने लिहिलं असेल. पण १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला, आणि मुंबई सरकारनेही त्याची बाजू घेतली नाही. वरून कान उपटले गेल्यावर सरकारी शाळा सर्वांना खुल्या, असं धोरण कागदावर आलं. कागदावरच. १९२३ साली सी. के. बोल्यांना मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणावा लागला की सरकारी पैशातल्या विहिरी, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. शाळा आधीच खुल्या असत्या तर त्या यादीत ‘शाळा’ हा शब्द कशाला लागला असता?

आमच्या शाळेला पुढे लांब ओटा आहे. माझ्या वडिलांच्या बरोबरीच्या एका काकांनी मला शाळेत त्यांना बसवायचे ती ओट्यावरची जागा दाखवली होती, खिडकीखालची, डावीकडून दुसरा खांब. तिथून फळ्याचा वरचा अर्धाच भाग दिसतो. ते म्हणाले, “मास्तर बेरीज खाली मांडायचे तेव्हा मी ऐकून करायचो.” पुढे ते व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, झाले आणि स्वतः मास्तर झाले. ते शिकत होते तेव्हा तपासायला मास्तर त्यांची पाटी हातात घेत नसत, जमिनीवर ठेवायला सांगत. फोटोत हा खांब छान आला आहे. त्याच्याशी टेकून लोक सेल्फी काढतात.

‘साने गुरुजी इथे मास्तर होते’

नव्हते. गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तिथल्या छात्रालयात मुलांबरोबर राहत. १९३०ला नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. बोर्डाच्या प्राथमिक शाळेत त्यांनी कधी नोकरी केली नाही. ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं. त्याआधी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरवून घेतली होती. खान्देशाला अभिमानाने सांगायला हे एवढं पुरेसं आहे. गावी सभेला आले असतील, खान्देशात ते पायाला भिंगरी लावून फिरले. पण खान्देशातल्या प्रत्येक जुन्या शाळेत गुरुजींना नोकरीला लावायचं तर माणसाला रोज तीन तालुके करावे लागले असते.

‘चुन्यात अंडी’ आणि ‘आपली खोली गळते’

आमच्या गावात निम्म्या घरांत माळकरी आहेत. पाचशे ब्रास बांधकामाला लागतील एवढी अंडी गोळा झाली असती तर तो किस्सा शाळेपेक्षा जास्त काळ टिकला असता. चुन्यात गुळाचं पाणी, हिरडा, उडीद, बेलफळ घालण्याची रीत कुठे कुठे होती, हे खरं. पण भिंत उभी आहे ती त्यामुळे नाही. चुनखडी भट्टीत भाजायची, विझवायची, वाळू आणि विटांच्या सुरखीबरोबर घाण्यात घालून बैलाने दळायची, आणि मग घाई करायची नाही. असा चुना हवेतला कर्बवायू हळूहळू ओढून पुन्हा दगड होतो. त्याला वर्षं लागतात. भिंत थोडी हलली तरी चुना तेवढी हालचाल सोसतो.

त्याहून मोठं कारण जमिनीखाली आहे. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुन्या गवंड्यांनी काळी उपसून मुरमापर्यंत पाया नेला. जिथे ठेकेदाराने दीड-दोन हातांवर काळीतच पाया भरला, तिथे भिंत कोपऱ्यातून तडकली. स्लॅब गळतो तो पाणी आतल्या सळईपर्यंत पोचतं म्हणून. सळई गंजते, फुगते आणि सिमेंटचं कवच फोडून बाहेर येते. यात इंग्रज आणि आपण असा प्रश्न नाही. नीट काम आणि वाईट काम, देखरेख आणि बेफिकिरी एवढाच फरक.

आणि एक हिशेब कोणी करत नाही. त्या काळी बोर्डाच्या सगळ्या शाळांना अशी इमारत कुठे होती? कित्येक शाळा भाड्याच्या धाब्याच्या घरात, चावडीत, देवळात भरत. मातीची धाबी केव्हाच बसली, तिथे आता उकिरडे नाहीतर सिमेंटची घरं आहेत. जे टिकलं त्याचाच फोटो निघतो. पडलेल्या शाळेचा फोटो कोण फॉरवर्ड करणार?

आमची शाळासुद्धा आपोआप टिकलेली नाही. दर दोन-चार वर्षांनी माळवदावर पांढरी माती टाकून ते चोपावं लागायचं. ते काम उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर आणि गावची माणसं करायची. मीही पाट्या वाहिल्या आहेत.

‘लंडनच्या कंपनीचे पत्र’

कोणती कंपनी? ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार १८५८ला संपला. तुळयांवर जिचं नाव आहे ती पोलादाची कंपनी १९६७ साली ब्रिटनच्या सरकारी पोलाद महामंडळात गेली. तिने लोखंड विकलं, शाळा बांधली नाही. सिमेंटच्या गोणीवर नाव असलेला कारखाना तुमच्या घराच्या आयुष्याबद्दल पत्र पाठवतो का? महाडजवळचा सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री वाहून गेला तेव्हा हीच पत्राची कथा महाराष्ट्रभर फिरली होती. आता ती पुलावरून शाळेत आली. ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत मी स्वतः पाहिलं: बाहेरगावची पत्रं तीन, तिन्ही वीजबिलाच्या थकबाकीची.

‘१९६० पासून ओस’

हे वाक्य लिहिणारा एकतर गावचा नाही, नाहीतर सुरतेला फार लवकर गेला.

१९६० साली शाळा भरत होती. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि बोर्डाची शाळा जिल्हा परिषदेची झाली. पाटी बदलली, मास्तर तेच. मी पहिलीत गेलो तो याच इमारतीत. नव्या खोल्या गावाबाहेर नदीच्या वाटेवर झाल्या, वर्ग तिकडे हलले, आणि त्यानंतर इमारतीला खरं तर जास्त काम लागलं.

१९७२च्या दुष्काळात इथे धान्य उतरलं. दादरची पांढरीशुभ्र भाकरी खाणाऱ्या माणसांना रेशनवर लाल मायलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा. तो मधल्या खोलीत गोणींच्या थप्पीने लागलेला असायचा आणि ओट्यावर लहान पोरांना सुकडी वाटायचे. रांगेत मीही होतो. सुकडीचा वास मला आजही त्या भिंतींना येतो, बायको म्हणते तो वटवाघळांचा आहे. त्याच सुमाराला कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. सोसायटीने एक बाजूची खोली घेतली, वजनकाटा ओट्यावर, आणि दिवाळीनंतर अंगणभर बैलगाड्या. शहाबादी फरशी तेव्हाच फुटली, कापसाने नाही, गाड्यांच्या धावांनी. मग पूर्वेच्या खोलीत बालवाडी, पुढे तिचीच अंगणवाडी झाली. पश्चिमेच्या खोलीत तलाठी मंगळवारी आणि शुक्रवारी बसायचा. त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर अजून पाढ्यांचा तक्ता रंगवलेला होता, एकोणतीसचा पाढा त्याच्या डोक्याच्या वर. उताऱ्यासाठी ताटकळलेल्या माणसांनी तो पाठ केला असेल.

मतदान याच खोल्यांत व्हायचं. लग्नसराईत वऱ्हाड उतरायचं. श्रावणात कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी बाहेरगावच्या पाहुण्यांच्या अंथरुणांची सोय इथेच. एका पावसाळ्यात नदीकाठची भिल्ल वस्ती पाण्यात गेली तेव्हा अकरा कुटुंबं तीन आठवडे इथे राहिली, चुली ओट्यावर पेटल्या. खिडकीखालच्या त्याच खांबाजवळचा काळा डाग त्या चुलींचा आहे. आता बचत गटाच्या बायकांचं पापडांचं सामान आणि गणपती मंडळाचे लोखंडी पाइप आत आहेत. म्हणजे ओस नाही, अडगळ आहे. दोन्हींत फरक आहे.

रात्री घुंगरांचा आवाज येतो म्हणतात, तो पाइपांवर बसणाऱ्या घुबडांच्या जोडीचा. वाटल्यास टॉर्च घेऊन चला माझ्याबरोबर.

एवढं सगळं खोडायची गरज काय, लोकांना गावाचा अभिमान वाटतोय तर वाटू दे, असं मला पुतण्याने विचारलं. गरज अशी की गेल्या महिन्यात या इमारतीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार झाला. निर्लेखन म्हणजे दप्तरातून काढून टाकणं, मग पाडणं. त्या फॉर्मात बांधकामाच्या वर्षाचा रकाना असतो. त्यात कोणीतरी मेसेजवरून १८५७ लिहिलं. पुढच्या रकान्यात वजाबाकी आपोआप झाली, आणि त्याच्या पुढे ‘आयुर्मान पूर्ण’. लंडनहून पत्र यायची गरजच उरली नाही.

मी तुळईच्या अक्षरांचा फोटो, जनरल रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स आणि काळी माती, मुरूम, माळवद याबद्दलचं टिपण घेऊन गेलो. इंजिनिअर तरुण होता, नीट ऐकून घेतलं, तुळईचा फोटो मोठा करून पाहिला. मग पेन उघडून म्हणाला, “सर, मग वर्षाच्या रकान्यात काय लिहू?”

मी म्हटलं, “१८७५ नंतर.”

“नंतर चालत नाही. आकडा लागतो.”

आकडा माझ्याकडे नाही. लोकल बोर्डाच्या जुन्या जमाखर्चात शाळेच्या बांधकामाची रक्कम नोंदलेली असणार. सोमवारी धुळ्याला दप्तर पाहायला जातोय. तोवर त्याने तो रकाना पेन्सिलीने भरून ठेवला आहे.